रोग शिवेपलीकडे ढकलून संपत नाही

माणसाने आजवर जगाच्या पाठीवरून दोनच रोग मुळासकट उपटून टाकले आहेत. पहिला माणसाचा, देवीचा रोग. तो संपल्याचे १९८० साली जाहीर झाले. दुसरा जनावरांचा, बुळकांडी. इंग्रजीत त्याला रिंडरपेस्ट म्हणतात. तो संपल्याची घोषणा २०११ साली झाली. देवीची गोष्ट पुस्तकात वाचायला मिळते. बुळकांडीची गोष्ट मात्र ज्यांच्या दावणीला ती घडली त्या शेतकऱ्यांच्या घरातही आता फारसे कोणी सांगत नाही. गावातल्या विशी-पंचविशीतल्या पोरांना विचारा, 'बुळकांडी म्हणजे काय रे?' तर पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. एका अर्थाने हे चांगलेच. रोगाचे नावही विसरले जावे यासारखे सुख नाही. पण तो गेला कसा, हे विसरून चालणार नाही.

कारण ही गोष्ट नुसती लसीची आणि डॉक्टरांची नाही. साऱ्या जगाचा असा जो प्रश्न असतो त्यात एकेका देशाने काय करायला हवे, कोण कोणाचे देणे लागतो आणि आपण आपल्यापुरते बघितले तर भागते का, याचा पुरता हिशेब या एका रोगात पाहायला मिळतो. जनावरांच्या औषधपाण्याचे काम पशुसंवर्धन खात्याचे, आमचे काम पिकांचे. पण बांधावर शेतकरी प्रश्न विचारतो तेव्हा तो खाते पाहून विचारत नाही. मागे एका शेतकरी मेळाव्यात जगाच्या तापमानवाढीचा विषय निघाला, तेव्हा मागच्या रांगेतले एक आबा उठून म्हणाले, "साहेब, जगाचं जग बघून घेईल. तुम्ही आमच्या गावाचं बोला." टाळ्या त्यांनाच पडल्या. आबांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पण त्याला उत्तर द्यायचे तर ते गुराढोरांच्याच भाषेत द्यावे, म्हणून हा लेखप्रपंच.

दावणी मोकळ्या करणारा रोग

बुळकांडीचा विषाणू गोवराच्या विषाणूचा भाऊबंद. गाय, बैल, म्हैस, रेडा यांना तो लागे. आधी सडकून ताप, मग डोळ्या-नाकातून पाणी आणि पू, हिरड्यांवर आणि जिभेवर फोड. जनावर चारा सोडून देई. त्यानंतर घाण वासाची, रक्ताची हगवण लागे आणि आठ-दहा दिवसांत जनावर आडवे होई. ज्या मुलखात हा रोग पूर्वी कधी आलाच नव्हता तिथे शंभरातली ऐंशी-नव्वद जनावरे जात. जे वाचे त्याला मात्र जन्मभर पुन्हा लागण होत नसे.

ट्रॅक्टर नव्हते त्या काळात याचा अर्थ काय होता ते ध्यानात घ्या. बैल गेला म्हणजे नांगर गेला, मोट गेली, गाडी गेली, शेणखतही गेले. पेरणीच्या तोंडावर साथ आली तर त्या साली शेत पडीक. जुनी माणसे सांगतात, आळीच्या आळीतल्या दावणी मोकळ्या होत. कर्ज काढून बाजारातून नवा बैल आणावा, तर तोही कधी कधी रोग घेऊनच दारात येई.

गाडा शिवेबाहेर

साथ आली की गावे काय करत? आपल्याकडे अनेक गावांत मरीआईचा गाडा काढत. वर्गणी करायची, नैवेद्य ठेवायचा आणि वाजतगाजत गाडा गावच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. इडापिडा गेली असे समजायचे. पण शिवेपलीकडे पुढचे गाव असतेच. आपल्या हद्दीत गाडा आला म्हटल्यावर ते गावही तसेच करी, आणि गाडा तिसऱ्या गावाच्या शिवेवर जाऊन उभा राही. यात कोणाच्या श्रद्धेची चेष्टा करायची नाही. हातात औषध नसलेल्या माणसाने दुसरे करावे तरी काय? पण ढकलत ढकलत गाडा शेवटी कुठे जातो, हा प्रश्न उरतोच.

शिकलेसवरलेले, तोफा-बंदुका बाळगणारे देशही दोनशे वर्षे हेच करत होते. अठराव्या शतकात युरोपात बुळकांडीने हाहाकार माजवला. तेव्हा पोपचे वैद्य लान्सिसी यांनी कडक उपाय सुचवले. आजारी जनावर मारा, चुना टाकून पुरा, गुरांची ने-आण बंद करा. इंग्लंडात १७१४ साली थॉमस बेट्स नावाच्या शल्यवैद्याने यात शहाणपणाची भर घातली. ज्याचे जनावर मारायचे त्याला भरपाई द्यायची. उघडच आहे, भरपाई नसेल तर शेतकरी आजार लपवणार. फ्रान्समधल्या लियों शहरात १७६१ साली पशुवैद्यकाची शाळा निघाली, तिच्यामागेही मोठे कारण हाच रोग होता. या सगळ्या खटपटीनंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पश्चिम युरोपने बुळकांडी आपल्या हद्दीबाहेर घालवली. पण जगात ती होतीच. आशियात होती, आपल्याकडे होती. आणि जहाजे तर सगळीकडून सगळीकडे जात होती.

करणारा एक, भोगणारा दुसरा

१८८७ च्या सुमारास इटलीचे सैन्य आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या एरिट्रियात मुक्काम ठोकून होते. सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर बुळकांडी मसावा बंदरात उतरली. ती गुरे भारताकडून आली असावीत, असे बरेच अभ्यासक मानतात. तिथल्या गुरांनी हा रोग कधी पाहिलेलाच नव्हता. वाळल्या गवताला विस्तव लागावा तसे झाले. शेजारच्या इथिओपियात बहुतेक सारी गुरे मेली. औताला बैल उरला नाही. त्यात पाऊसही चुकला. १८८८ ते १८९२ या दुष्काळात देशातली एक तृतीयांश माणसे गेली असावीत, असा अंदाज केला जातो. गुरांवरच जगणाऱ्या मसाई लोकांची वाताहत झाली. रोग खाली खाली सरकत १८९६ साली झांबेझी नदी ओलांडून दक्षिण आफ्रिकेत शिरला. वाटेत रानातल्या म्हशी आणि हरणेही त्याने सोडली नाहीत.

हे कोणी मुद्दाम केले का? नाही. पण सैन्य ज्याचे, जहाज ज्याचे, मुलूख जिंकून फायदा ज्याचा होणार, त्याने आपण बरोबर काय घेऊन चाललो आहोत ते पाहिले नाही. आणि दावण कोणाची मोकळी झाली? ज्याचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नव्हता त्या गुराख्याची. जगाच्या प्रश्नांत बहुतेक वेळा हे असेच असते. करणारा एक आणि भोगणारा दुसरा. देशांच्या नैतिक जबाबदारीचा विषय सुरू होतो तो इथून. 'आम्ही मुद्दाम केले नाही' एवढे म्हणून हात झटकता येत नाहीत. आपले ढोर दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरले तर मालक 'मी त्याला सांगितलं नव्हतं' असे म्हणू शकतो का? गावात तरी असले उत्तर कोणी ऐकून घेत नाही.

पुणे, मुक्तेश्वर आणि पॅरिस

आपल्या मातीचाही या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. इंग्रज सरकारने गुरांच्या साथींची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. पुढे ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा निघाली. असले रोगट नमुने भरवस्तीत नकोत म्हणून १८९३ साली ती हिमालयात, कुमाऊँमधल्या मुक्तेश्वरला हलवली. क्षयाचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉक १८९७ साली तिथे येऊन गेले. १९२० च्या दशकात तिथेच जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमध्ये एकापाठोपाठ एक वाढवत नेऊन त्याचा जोर कमी केला आणि त्यातून लस तयार केली. आज बरेलीजवळ इज्जतनगरला असलेली भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. पुण्यात लावलेल्या रोपाचा हा वटवृक्ष.

याच दशकाच्या सुरुवातीला आणखी एक घटना घडली. १९२० साली भारतातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरे वाटेत बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात उतरवली गेली आणि बुळकांडी पुन्हा युरोपच्या गोठ्यात शिरली. महायुद्धाने आधीच पिचलेला युरोप हादरला. आपण दार लावून घेतले तरी दुसऱ्याच्या घरातला रोग आपल्या खिडकीतून येतो, हे तेव्हा कळले. २५ जानेवारी १९२४ रोजी पॅरिसमध्ये २८ देशांनी एकत्र येऊन करार केला आणि पशुरोगांची जागतिक संस्था उभी राहिली. तिची पहिली अट अगदी साधी होती. आपल्याकडे साथ आली की इतरांना कळवायचे, लपवायचे नाही. संयुक्त राष्ट्रसंघ निघाला त्याच्या एकवीस वर्षे आधीची ही गोष्ट. गुरांच्या रोगाने देशांना एका घोंगडीवर बसवले.

थोडक्यात राहिले म्हणजे सगळेच राहिले

स्वातंत्र्यानंतर भारताने १९५४ पासून बुळकांडीविरुद्ध देशभर लस टोचण्याची मोहीम हाती घेतली. साथी झपाट्याने कमी झाल्या. पण रोग मुळापासून जाईना. कुठे तरी कळप टोचायचा राहून जाई, आणि व्यापाऱ्यांबरोबर पायी चालणाऱ्या गुरांतून रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात उतरे. एक राज्य कसून काम करी, दुसरे ढिलाई करी, आणि फळ दोघांनाही सारखेच मिळे.

आफ्रिकेतही तेच घडले. इंग्रज पशुवैद्य वॉल्टर प्लोराइट यांनी केनियात स्वस्त आणि भरवशाची लस तयार केली होती. एकदा टोचली की जनावर जन्माचे सुरक्षित. तिच्या जोरावर १९६२ पासून अनेक देशांनी मिळून मोठी मोहीम चालवली आणि १९७६ पर्यंत बहुतेक ठिकाणचा रोग दिसेनासा झाला. दिसेनासा झाला तसा पैसाही आटला. दोन कोपरे तेवढे राहिले होते, एक पश्चिमेला माली-मॉरिटानियाच्या बाजूला आणि एक पूर्वेला इथिओपिया-सुदानच्या बाजूला. तेवढे पुरेसे झाले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रोग पुन्हा उसळला आणि नायजेरियासारख्या देशात लाखो गुरे गेली. चौदा वर्षांचे काम वाहून गेले.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. हरळी काढताना एक काडी राहिली तर काय होते ते आपण पाहतोच. पण देशांच्या कारभारात ही गोष्ट पटायला वेळ लागतो. ज्याच्याकडे रोग उरलेला नाही तो म्हणतो, आमचे झाले. आणि ज्याच्याकडे उरला आहे तो नेमका सर्वांत गरीब, युद्धाने किंवा दुष्काळाने मोडलेला, रस्ते आणि वीज नसलेला देश असतो. त्याच्या एकट्याच्या ताकदीचे ते काम नसते. मग उरलेल्यांनी काय करायचे? गाडा त्याच्या शिवेवर ठेवून परत फिरायचे, की त्याच्या शिवेत जाऊन त्याला हात लावायचा?

या वेळी जगाने दुसरे उत्तर निवडले. आफ्रिकेच्या नव्या मोहिमेला युरोपीय देशांनी पैसा दिला. भारतातही १९९२ साली युरोपीय समुदायाच्या मदतीने बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. १९९४ साली अन्न व कृषी संघटनेने साऱ्या जगासाठी एकच कार्यक्रम आखला आणि २०१० पर्यंत रोग संपवायचा असे ठरवले. आपल्याकडे पशुवैद्यकीय कर्मचारी गावोगाव फिरले, गुरांच्या पायी वाटा धुंडाळल्या, दवाखान्यांची रजिस्टरे चाळली, कुठे संशयित जनावर आहे का ते पाहिले. भारतातली शेवटची साथ १९९५ साली तामिळनाडूत झाली.

त्यानंतरचा भाग सर्वांत जोखमीचा होता. रोग संपला हे सिद्ध करायचे तर लस बंद करावी लागते. कारण रक्त तपासले तर प्रतिकारशक्ती लसीने आली की रोगाने, हे कळत नाही. म्हणजे जी ढाल घेऊन चाळीस वर्षे लढलो ती खाली ठेवायची आणि वाट बघायची. पलीकडे पाकिस्तानात अजून रोग होता. तिथले शेवटचे रुग्ण २००० साली सापडले. दोन्ही देशांचे एकमेकांशी कसे होते ते वेगळे सांगायला नको. १९९९ साली तर कारगिलचे युद्ध झाले. पण त्यांच्या म्हशी बऱ्या झाल्याखेरीज आपल्या म्हशींची खात्री नव्हती. दोघेही एकाच जागतिक कार्यक्रमात काम करत राहिले. २००६ साली भारत संसर्गमुक्त ठरला.

आपल्याकडून गेलेला रोग

इथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे, कारण जबाबदारीच्या गोष्टी नेहमी दुसऱ्यांच्याच सांगितल्या तर ऐकणारा विश्वास ठेवत नाही. श्रीलंकेत १९४६ पासून बुळकांडी नव्हती. १९८७ साली आपली शांतिसेना तिकडे गेली. जवानांच्या जेवणासाठी भारतातून शेळ्या पाठवल्या गेल्या. त्यांच्याबरोबर रोग गेला आणि चाळीस वर्षांनी तिथली गुरे पुन्हा मरू लागली. जे १८८७ साली इटलीच्या सैन्याच्या हातून झाले तसेच बरोबर शंभर वर्षांनी आपल्या हातून झाले. हेतू तर शांतता राखण्याचा होता. पण शेजाऱ्याच्या गोठ्याला हेतू दिसत नाही, रोग दिसतो.

हे सांगायचे कारण भारताला दोष देणे हे नव्हे. ज्या भारतातून रोग बाहेर गेला त्याच भारताने लस केली, हजारो गावांत माणसे पाठवली आणि शेवटी आपल्या हद्दीतून रोग संपवला. जबाबदार देश म्हणजे कधीच न चुकणारा देश नव्हे. चूक कळल्यावर काम अंगावर घेणारा देश तो जबाबदार.

शेवटचा टप्पा

रोगाची शेवटची ठाणी पूर्व आफ्रिकेत होती. रस्ते नाहीत, वीज नाही, बर्फाचा डबा घेऊन लस पोहोचवायची कशी? अमेरिकेतले पशुवैद्य जेफ्री मरिनर यांनी प्लोराइट यांच्याच लसीवर काम करून ती महिनाभर थंडाव्याशिवाय टिकेल अशी केली. पण टोचणार कोण? डॉक्टर तिथवर पोहोचत नव्हते. तेव्हा इथिओपियातल्या अफार भागात आणि यादवीत होरपळणाऱ्या दक्षिण सुदानात गुराख्यांनाच शिकवले. कळपात वाढलेली ही माणसे. कोणत्या पाणवठ्यावर कोणत्या महिन्यात कोणाची गुरे येतात हे त्यांना तोंडपाठ. जे काम मोठमोठ्या मोहिमांना जमले नाही ते या अंगठेबहाद्दर म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसांनी केले. विस्तार कार्यात असलेल्या आमच्यासारख्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. ज्ञान वरून खाली येते तसे ते खालून वरही जाते.

२००१ साली केनियातल्या मेरू राष्ट्रीय उद्यानात रानम्हशींमध्ये हा रोग सापडला. त्यानंतर जगात कुठेही नाही. दहा वर्षे शोध घेऊन, १९८ देश आणि प्रदेशांची खात्री करून, २५ मे २०११ रोजी पॅरिसच्या त्याच संस्थेने आणि २८ जून २०११ रोजी अन्न व कृषी संघटनेने बुळकांडी संपल्याचे जाहीर केले.

तरीही जबाबदारी संपली नाही. प्रयोगशाळांतल्या बाटल्यांत विषाणू शिल्लक होते. एखादी बाटली फुटली तर आज जगातल्या एकाही गुराकडे प्रतिकारशक्ती नाही. इंग्लंडच्या पिरब्राइट संस्थेने २०१९ साली आपल्याकडचे साठे नष्ट केले. मान्यता मिळालेल्या मोजक्या प्रयोगशाळांत मात्र विषाणू अजून जपून ठेवलेले आहेत. ते कोणी आणि किती काळ ठेवावेत, हाही देशांच्या नीतीचाच प्रश्न आहे.

मग देशाचे कर्तव्य म्हणजे काय?

या सगळ्यातून मला चार गोष्टी दिसतात. पहिली, खरे सांगणे. आपल्याकडे रोग आला की लगेच कळवणे. दुसरी, आपल्या घरचे काम पुरे करणे. तिसरी, ज्याची ताकद कमी त्याच्या कामाला हातभार लावणे, आणि ही भीक म्हणून नव्हे, तर आपल्या हातून त्याचे जे नुकसान झाले असेल त्याचे देणे म्हणून. चौथी, काम दिसेनासे झाले तरी शेवटपर्यंत न सोडणे.

यातली पहिली सर्वांत अवघड, कारण खरे सांगणाऱ्याला शिक्षा होते. आपल्याकडे २०२२ साली लम्पी आला तेव्हा हेच अनुभवले. गाय आजारी आहे असे सांगितले तर दूध कोणी घेणार नाही, बाजार बंद होईल, या धास्तीने कित्येक जण गप्प बसत. सरकारने मेलेल्या जनावरांसाठी भरपाई जाहीर केली तेव्हा लोक मोकळेपणाने सांगू लागले. देशांचेही तसेच आहे. दक्षिण आफ्रिकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये करोनाचा ओमायक्रॉन हा नवा प्रकार शोधून प्रामाणिकपणे जगाला कळवला, तर श्रीमंत देशांनी आधी त्यांचीच विमाने बंद केली. अशाने पुढच्या वेळी कोण सांगेल? इंग्लंडच्या बेट्स यांनी तीनशे वर्षांपूर्वी सांगितलेला नियम देशांनाही लागू आहे. सगळ्यांच्या भल्यासाठी एकाने नुकसान सोसायचे असेल तर ते नुकसान सगळ्यांनी वाटून घ्यावे.

हवामानाच्या प्रश्नातही हेच सूत्र आहे. १९९२ साली रिओमध्ये देशांनी मान्य केले की जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही. ज्याने धूर जास्त सोडला आणि ज्याची ऐपत जास्त, त्याने वाटा जास्त उचलावा. होणाऱ्या नुकसानीची भरपाई देण्यासाठी निधी काढायचे ठरायला मात्र २०२२ साल उजाडले. तीस वर्षे! तोवर गारपीट, अवकाळी आणि लांबलेले पावसाळे कोणी सोसले ते आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. पण म्हणून आपण आपल्या घरचे काम थांबवायचे नाही. दुसऱ्याकडे देणे मागताना आपले हात स्वच्छ असावे लागतात.

आता पाळी शेळ्यांची

बुळकांडीचा धाकटा भाऊ अजून जिवंत आहे. शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर. आपल्याकडे त्याला शेळ्यांची बुळकांडीही म्हणतात. तो १९४२ साली पश्चिम आफ्रिकेत प्रथम नोंदला गेला आणि भारतात १९८७ साली तामिळनाडूत सापडला. गाय-बैल ज्याला परवडत नाहीत त्याच्या दारात शेळी असते. म्हणजे हा रोग थेट भूमिहीन मजुरांच्या, विधवा बायाबापड्यांच्या आणि मेंढपाळांच्या पोटावर येतो. २०१६-१७ साली तो मंगोलियाच्या माळावर शिरला आणि सायगा नावाची दुर्मीळ हरणे हजारोंनी मेली. २०२४ साली ग्रीस आणि रुमानियात पोहोचला. २०३० पर्यंत हा रोग जगातून घालवायचा, असा निर्धार २०१५ साली देशांनी केला आहे. लस उत्तम आहे. आपल्याच मुक्तेश्वरला तयार झालेली लस देशभर वापरली जाते. एका टोचणीने निदान तीन वर्षे संरक्षण मिळते. आता उरला प्रश्न एवढाच की प्रत्येक वाडी-वस्तीवर, प्रत्येक कळपापर्यंत ती पोहोचते की नाही.

म्हणून शेतकरी आणि मेंढपाळ बंधू-भगिनींनो, एवढे करा. गावात लसीकरणाचा दिवस असेल तेव्हा सगळ्या शेळ्या-मेंढ्या आणा, दोन-चार मागे ठेवू नका. खूप ताप, डोळ्या-नाकातून घाण, तोंडात व्रण, हगवण आणि धाप दिसली की त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आजारी शेळी बाजारात विकायला नेऊ नका. दोन-तीन हजार रुपये हाती येतील, पण दहा गावांत रोग जाईल. बाजारातून आणलेले जनावर तीन आठवडे वेगळे बांधा. मेंढरे घेऊन चाऱ्यासाठी लांबचा पल्ला गाठणाऱ्यांनी निघण्यापूर्वी लस टोचून घ्यावी, आणि ज्या गावात ती उतरतील त्या गावाने त्यांना हाकलून न देता लस मिळवून द्यावी. हाकलले तर रोग पुढच्या गावी जाईल, एवढेच.

मेळाव्यातल्या त्या आबांना माझे उत्तर हेच आहे. आबा, जगाचे जग बघून घेईल म्हणता, पण जग म्हणून वेगळे कोणी बसलेले नाही. इथिओपियाचा गुराखी, तामिळनाडूचा शेतकरी, पाकिस्तानातला म्हैसवाला आणि गावोगाव फिरणारा पशुधन पर्यवेक्षक, या सगळ्यांनी आपापल्या शिवेतले काम पुरे केले आणि जमेल तिथे दुसऱ्याच्या शिवेत जाऊन हात लावला, तेव्हा बुळकांडी गेली. तुमच्या गोठ्यातला बैल आज त्या रोगाने मरत नाही, यात तुम्ही कधी न पाहिलेल्या माणसांचा वाटा आहे. ते देणे फेडायचे असेल तर गाडा ढकलू नका. तो आपल्या शिवेतच थांबवा.